गाडीभर माल नाही? मग रस्ता धरा!

म्हैसूर म्हटले की दसरा आठवतो. हत्तीवरची अंबारी, चामुंडीची टेकडी, रेशमी साड्या, चंदन आणि आपल्या देव्हाऱ्यात रोज दरवळणारी उदबत्ती आठवते. सहलीला जाणारी मराठी कुटुंबे स्टेशनावर उतरतात, टांगा किंवा रिक्षा करतात आणि थेट राजवाडा गाठतात. रेल्वेचा दुसरा दरवाजा, जिथून माणसे नव्हे तर माल येतो आणि जातो, तो सहसा कुणाच्या नजरेस पडत नाही. त्या दरवाजाला मराठीत नेमका शब्द आहे : मालधक्का.

मालधक्क्याचे जग वेगळे असते. तिथे वाघिणींची लांबच लांब रांग उभी असते. दारे उघडली की आतून तांदळाची, खताची किंवा सिमेंटची पोती बाहेर येऊ लागतात. पाठीवर पोते, डोक्याला फडके आणि हातात लोखंडी आकडा घेतलेल्या हमालांची ये-जा सुरू होते. मुकादम मोजणी करतो, व्यापाऱ्याचा माणूस घड्याळाकडे पाहतो. सांडलेले धान्य झाडून गोळा करणाऱ्या बायकाही अनेक धक्क्यांवर दिसतात. गाडी रिकामी झाली की सगळे शांत होते. पुढची गाडी कधी येईल, हे त्यांच्यापैकी कुणालाच ठाऊक नसते.

या धक्क्यावर गेल्या चाळीस वर्षांत एक मोठा बदल झाला. तो हळूहळू झाला, म्हणून त्याची कधी मोठी बातमी झाली नाही. रेल्वेने लहान गिऱ्हाइकाला परत पाठवायला सुरुवात केली आणि त्या गिऱ्हाइकाबरोबर हमालाची भाकरीही धक्क्यावरून निघून गेली.

एक वाघीणही मिळत असे

म्हैसूरच्या रेल्वेशी मराठी माणसाचे नाते जुने आहे. १८७६ ते १८७८ या काळात दक्षिणेत भीषण दुष्काळ पडला. माणसे अन्नावाचून मेली, कारण धान्य एका भागातून दुसऱ्या भागात नेण्याची सोय अपुरी होती. त्या अनुभवानंतर म्हैसूर संस्थानाने रेल्वेचे काम नेटाने हाती घेतले आणि १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला बंगळूर ते म्हैसूर ही मीटरगेज गाडी धावू लागली. पुढे त्याच दशकात हा मार्ग चालवायला घेतला तो धारवाडला मुख्यालय असलेल्या ‘सदर्न मराठा रेल्वे’ या कंपनीने. मिरज, लोंढा, हुबळी, हरिहर, बंगळूर अशी मीटरगेजची साखळी जुळली आणि म्हैसूरचा माल थेट महाराष्ट्राच्या दारात येऊ लागला.

त्या काळी आणि पुढेही कित्येक वर्षे रेल्वे लहान-मोठा सगळाच माल घेत असे. व्यापाऱ्याने स्टेशनात जाऊन मागणी नोंदवायची. कुणाला एक वाघीण लागे, कुणाला दोन. ज्याची एक वाघीणही भरत नसे, त्याची चार पोती किंवा दोन पेट्या इतरांच्या मालाबरोबर जात. अशा फुटकळ मालासाठी वेगळे दर आणि वेगळी व्यवस्था होती. गावोगावच्या स्टेशनांवर म्हणूनच लहानसा का होईना, पण मालधक्का असे.

१९७१ मध्ये पुणे-मिरज-कोल्हापूर मार्ग ब्रॉडगेज झाला. मिरजेपुढे बंगळूरकडे जाणारे रूळ मात्र मीटरगेजच राहिले. रुळांची रुंदी बदलली की वाघीण पुढे जाऊ शकत नाही. त्यामुळे माल एका वाघिणीतून उतरवून दुसऱ्या वाघिणीत भरावा लागे आणि हे काम हमालांच्या पाठीवरून होई. व्यापाऱ्याला हा खोळंबा वाटे, हमालाला ते हक्काचे काम वाटे. १९९० च्या दशकात मिरज-बंगळूर आणि बंगळूर-म्हैसूर हे मार्ग ब्रॉडगेज झाले आणि हा खोळंबा संपला. प्रवाशांची सोय झाली, मालाची नासधूस थांबली. ही सुधारणा हवीच होती. पण त्या कामावर जगणाऱ्या घरांचे पुढे काय झाले, याची नोंद कुठल्या अहवालात ठळकपणे सापडत नाही.

रेकचे गणित

खरा बदल मात्र रुळांच्या रुंदीने केला नाही, तो केला रेकच्या हिशेबाने.

जुन्या पद्धतीत रेल्वेचेही हाल होत. वेगवेगळ्या स्टेशनांवरच्या एक-एक, दोन-दोन वाघिणी गोळा करायच्या, मोठ्या यार्डात नेऊन त्यांची जुळवाजुळव करायची, पुन्हा पुढच्या यार्डात तोडायच्या. वाघीण धावण्यापेक्षा उभीच जास्त राही. माल कधी पोहोचेल, याची खात्री नसे. वाटेत चोऱ्या होत, माल भिजे, भरपाईचे दावे वर्षानुवर्षे चालत. १९८० च्या दशकात रेल्वेने ठरवले की शक्यतो पूर्ण गाडी एकाच ठिकाणी भरायची आणि एकाच ठिकाणी रिकामी करायची. या पूर्ण गाडीला रेक म्हणतात. हळूहळू फुटकळ मालाची नोंदणी बंद झाली आणि एकट्या-दुकट्या वाघिणीचा माल जवळपास संपला. अनेक लहान स्टेशनांवरचे धक्के ओस पडले.

रेल्वेच्या दृष्टीने हा निर्णय फळाला आला. १९५०-५१ मध्ये रेल्वेने वर्षभरात सुमारे ७ कोटी टन माल वाहिला होता. २०२२-२३ मध्ये हा आकडा १५१ कोटी टनांच्या वर गेला. पण यातला जवळपास निम्मा माल एकटा कोळसा आहे. उरलेल्यात लोहखनिज, सिमेंट, धान्य, खते, पोलाद, पेट्रोलियम अशी मोजकीच नावे येतात. माल वाढला, पण माल देणारे हात कमी झाले. देशातल्या एकूण मालवाहतुकीत रेल्वेचा वाटा १९५०-५१ मध्ये ८५ टक्क्यांहून अधिक होता. २०२० च्या डिसेंबरमध्ये सरकारने राष्ट्रीय रेल्वे आराखड्याचा मसुदा मांडला, तेव्हा हा वाटा २७ टक्क्यांवर आला होता. बाकीचा माल ट्रकवाल्यांकडे गेला.

लहान व्यापाऱ्याला या गणितात जागा का नाही, ते आकड्यांतूनच समजते. एका बंद वाघिणीत साधारण ६० टनांच्या आसपास माल मावतो. ४२ वाघिणींची गाडी धरली तर २,६०० टन माल झाला. म्हणजे ५० किलोची ५२,००० पोती, किंवा दहा चाकी ट्रक धरले तर दीडशेच्या आसपास ट्रक. आता म्हैसूरच्या एखाद्या उदबत्तीवाल्याने एवढा माल एका दिवशी, एकाच गावासाठी कुठून आणायचा? उदबत्ती तर वजनाला हलकी आणि जागा अडवणारी. तीच गोष्ट नंजनगूडच्या केळीवाल्याची, मंड्याच्या गुऱ्हाळवाल्याची आणि चिकमगळूरच्या लहान कॉफी बागायतदाराची. यांच्या तोंडावर कुणी दार आपटलेले नाही. फक्त दाराचा उंबरठा त्यांच्या डोक्याइतका उंच करून ठेवला आहे.

रेल्वेकडे अधिकृत प्राधान्यक्रमही असतो. लष्करी सामान, आपत्तीतील मदत, धान्य आणि कोळसा यांना वाघिणी आधी मिळतात. यात गैर काही नाही. २०२२ च्या उन्हाळ्यात वीजनिर्मिती केंद्रांतला कोळसा संपत आला, तेव्हा मालगाड्यांना वाट मोकळी करून देण्यासाठी प्रवासी गाड्यासुद्धा रद्द झाल्या. पण रांगेत शेवटी उभा असलेल्या गिऱ्हाइकाने किती दिवस वाट पाहायची? दोनदा परत गेलेला व्यापारी तिसऱ्या वेळी ट्रकवाल्याला फोन लावतो आणि बहुधा पुन्हा धक्क्याकडे फिरकत नाही.

हिशेबात नसलेला माणूस

व्यापाऱ्याला निदान ट्रक मिळतो. हमालाला काय मिळते?

अनेक वाचकांना वाटत असेल की रेल्वेच्या धक्क्यावर काम करणारा हमाल रेल्वेचा नोकर असतो. तसे नाही. प्रवाशांचे सामान उचलणारा परवानाधारक हमाल वेगळा आणि मालधक्क्यावरचा हमाल वेगळा. माल भरण्याची आणि उतरवण्याची जबाबदारी माल पाठवणाऱ्याची किंवा घेणाऱ्याची असते. तो ते काम ठेकेदाराला देतो, ठेकेदार मुकादमाला सांगतो आणि मुकादम टोळी जमवतो. मजुरी बहुतेक ठिकाणी पोत्यामागे मिळते. त्यामुळे पोते आले नाही, तर मजुरीही नाही. गाडीची वाट पाहण्यात गेलेल्या दिवसाचे मोल शून्य.

पूर्वी रोज थोड्या थोड्या वाघिणी येत, तेव्हा कामही रोज थोडे थोडे असे. रेकच्या पद्धतीत काम येते ते एकदम, आणि नसते तेव्हा मुळीच नसते. गाडी रात्री दोन वाजता लागली तरी उतराई लगेच सुरू करावी लागते, कारण ठरलेल्या तासांत वाघिणी रिकाम्या झाल्या नाहीत तर रेल्वे डेमरेज लावते. माल धक्क्यावरून वेळेत हलवला नाही, तर त्याचे भाडे वेगळे. हा सगळा ताण शेवटी हमालाच्या पाठीवर येतो. समजा, ५२,००० पोत्यांची गाडी २०० हमालांनी रिकामी केली. प्रत्येकाच्या वाट्याला २६० पोती आली, म्हणजे १३ टन वजन. एका माणसाने, एका पाळीत, आपल्या पाठीवरून. आणि त्यानंतर कदाचित आठवडाभर काहीच नाही.

अशा घराचा महिन्याचा हिशेब कसा मांडायचा, हे त्या घरातल्या बाईलाच ठाऊक. किराणा उधारीवर येतो, शाळेची फी पुढच्या गाडीवर ढकलली जाते. पाठ धरली, गुडघा गेला, तर रजा नाही आणि औषधाचा खर्च स्वतःचा. धक्क्यावरचे काम कमी झाले की माणसे बाजार समितीच्या आवारात, ट्रकच्या गुदामात किंवा बांधकामावर जातात. तिथे आधीच दुसरी टोळी असते. नव्याने आलेल्याला मागच्या रांगेत उभे राहावे लागते.

सातासमुद्रापार तीच गोष्ट

लहान गिऱ्हाइकाला नकार आणि कामगारावर ताण ही जोडी केवळ आपल्याकडेच दिसते असे नाही. अमेरिकेत मालगाड्या खासगी कंपन्या चालवतात. नफा वाढवण्यासाठी त्यांनी गाड्या लांब केल्या, यार्डे बंद केली आणि माणसे कमी केली. तिथल्या रेल्वे नियामक मंडळाच्या अध्यक्षांनी २०२२ मध्ये सांगितले की मोठ्या कंपन्यांनी सहा वर्षांत सुमारे ४५,००० माणसे, म्हणजे २९ टक्के मनुष्यबळ, कमी केले होते. परिणाम व्हायचा तोच झाला. गाड्या चालवायला माणसे अपुरी पडू लागली आणि कंपन्या गिऱ्हाइकांना सांगू लागल्या की माल कमी पाठवा. कॅलिफोर्नियातल्या एका मोठ्या कुक्कुटपालन कंपनीला कोंबड्यांसाठी मका वेळेवर मिळेना. शेवटी जून २०२२ मध्ये नियामक मंडळाला आणीबाणीचा आदेश काढून मका पोहोचवायला लावावे लागले.

त्याच वर्षी तिथल्या रेल्वे कामगारांनी आजारपणाची पगारी रजा मागितली. संपाची वेळ आली तेव्हा डिसेंबरमध्ये अमेरिकी संसदेने कायदा करून करार लादला आणि संप टाळला. रजेची मागणी त्या करारात नव्हती. पण प्रश्न देशभर गाजला होता. २०२३ मध्ये बऱ्याच कंपन्यांनी कामगार संघटनांशी बोलून ती रजा देऊ केली.

या दोन देशांत एक मोठा फरक आहे. अमेरिकेत कमी केलेली माणसे कंपनीच्या हजेरीपटावर होती. म्हणून ती मोजता आली, त्यांच्यासाठी संघटना भांडली, संसदेत चर्चा झाली. आपल्या मालधक्क्यावरचा हमाल रेल्वेच्या पटावर नाही. व्यापाऱ्याच्या पटावर नाही, पुष्कळदा ठेकेदाराच्याही नाही. जो पटावरच नव्हता, त्याची कपात झाली असे कोण लिहिणार?

दार थोडे उघडले तेव्हा

लहान गिऱ्हाईक रेल्वेकडे परत येऊ शकते, हे मात्र आपल्याच राज्याने दाखवून दिले आहे. ७ ऑगस्ट २०२० रोजी नाशिकजवळच्या देवळालीहून बिहारमधल्या दानापूरला पहिली किसान रेल्वे सुटली. किती माल द्यायचा याला खालची मर्यादा नव्हती. वाटेतल्या स्टेशनांवर शेतकरी आपल्या पेट्या चढवू शकत होते. फळे आणि भाजीपाल्याच्या भाड्यात ५० टक्के सवलत होती. त्याच वर्षी २८ डिसेंबरला सांगोल्याहून पश्चिम बंगालमधल्या शालिमारला शंभरावी गाडी रवाना झाली. डाळिंबांच्या पेट्या भरायला आणि उतरवायला माणसे लागली, स्टेशनांवर पुन्हा गजबज झाली. पुढे सवलत आटली आणि गाड्याही ओसरल्या. योजना सवलतीवर उभी होती हे खरे, पण शेतकऱ्याला रेल्वे नको आहे, हा समज तिने खोटा ठरवला.

दुसरा मार्ग कंटेनरचा. अख्खी गाडी भरण्याऐवजी एक पेटारा भरला की पुरे. असे अनेकांचे पेटारे जुळले की गाडी होते. म्हैसूरजवळ, नंजनगूडच्या वाटेवरील कडकोला येथे कंटेनर कॉर्पोरेशनने मालतळ उभारला आहे. कारखानदारांना त्याचा उपयोग आहे. रेल्वेने साधारण २० वाघिणींची ‘मिनी रेक’ घेण्याचीही सोय ठेवली आहे. बाजारपेठेतल्या व्यापाऱ्यांनी एकत्र येऊन माल जुळवला, तर यातून काही वाट निघू शकते. रस्त्यावरचे ट्रक कमी झाले तर डिझेल वाचेल, अपघात कमी होतील, हा फायदा सगळ्यांचाच.

पण इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यायला हवी. कंटेनर क्रेन उचलते. तो उंबरठा व्यापाऱ्यासाठी खाली येतो, हमालासाठी नाही. म्हणून व्यापाऱ्याचा प्रश्न सुटला की हमालाचा आपोआप सुटेल, असे समजणे चूक ठरेल. त्याच्यासाठी वेगळा विचार करावा लागेल.

मजुरी धक्क्याला नव्हे, माणसाला बांधा

तो विचार महाराष्ट्राने पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी केला होता. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखाली माथाडी कामगार संघटित झाले आणि १९६९ मध्ये माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला. या कायद्याच्या अनुसूचीत रेल्वेची यार्डे आणि मालधक्के यांचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि तोही रेल्वेच्या नोकरीत नसलेल्या कामगारांसाठी. कायद्याची युक्ती साधी आहे. हमालाची नोंदणी मंडळाकडे होते. माल ज्याचा असेल तो मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळाकडे भरतो. मंडळ कामगाराला मजुरी देते आणि लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, औषधोपचार यांची तरतूद करते. मालक रोज बदलला तरी कामगाराचे खाते एकच राहते. या मंडळांच्या कारभाराबद्दल तक्रारी होतात, पळवाटा शोधल्या जातात, हे खरे. तरीही, नोंद असलेला हमाल आणि नोंद नसलेला हमाल यांच्या म्हातारपणात जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

पुण्यात डॉ. बाबा आढाव यांनी उभारलेल्या हमाल पंचायतीने कायद्याच्या जोडीला संघटनेचे बळ दिले. ‘कष्टाची भाकर’सारखा उपक्रम त्याच विचारातून उभा राहिला. म्हैसूरहून काही तासांवर असलेल्या केरळात १९७८ पासून डोईवरून ओझे वाहणाऱ्या कामगारांसाठी स्वतंत्र कायदा आहे. कर्नाटकातही असंघटित कामगारांसाठी मंडळ आहे. हमालांना ओळखपत्र आणि अपघात झाल्यास मदत, अशी योजना तिथे आहे. २०२१ पासून केंद्राच्या ई-श्रम नोंदणीचाही आधार घेता येतो. ही पहिली पायरी म्हणून चांगलीच. पण ओळखपत्राने चूल पेटत नाही. गाडी आली नाही त्या दिवसाचे काय, आणि पाठ थकल्यावर पुढे काय, या दोन प्रश्नांना उत्तर देणारी व्यवस्था म्हैसूरच्या धक्क्यालाही हवी आणि महाराष्ट्रात जिथे कायदा कागदावरच राहिला आहे, तिथेही हवी.

राष्ट्रीय रेल्वे आराखड्याच्या मसुद्यात २०३० पर्यंत मालवाहतुकीतला रेल्वेचा वाटा ४५ टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. केवळ कोळसा आणि लोहखनिजाच्या जोरावर हे साधणार नाही. त्यासाठी उदबत्तीची पेटी, गुळाची ढेप आणि केळीचा घडही पुन्हा रुळांवर यायला हवा. तसे झाले तर धक्क्यावर पुन्हा वर्दळ होईल, काही हातांना काम मिळेल, काही काम यंत्रे करतील. या बदलाचा हिशेब मांडताना किती टन माल वाढला, हे तर लिहिले जाईलच. त्याच वहीत किती हमालांची नावे चढली, हेही लिहिले गेले पाहिजे.